लैंगिकता शिक्षकांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम : त्यात काय काय असायला हवं?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी एमएसडब्ल्यू केलंय. सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या शाळांत किशोरवयीन मुलामुलींची लैंगिकता शिक्षणाची सत्रं घेते, आणि हल्ली सत्रं घेऊ पाहणाऱ्यांची प्रशिक्षणंही. तरुण कार्यकर्ते नेहमी विचारतात, "ताई, हेच काम पूर्णवेळ करायचंय, शिकायचं कुठे?" त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. दिल्लीची तारशी ही संस्था (१९९६ पासून या विषयात आहे) ऑनलाइन अभ्यासक्रम घेते. क्रिया या दिल्लीच्याच संस्थेची लैंगिकता, लिंगभाव आणि हक्क यांवरची निवासी प्रशिक्षणं असतात. दोन्ही चांगली आहेत. पण बार्शीच्या किंवा उमरग्याच्या मुलीला मराठीतून, वर्षभर, कुणाच्या तरी देखरेखीखाली प्रत्यक्ष वर्ग घेत शिकायचं असेल तर?

सध्या घडतं ते असं. कुणी नर्सिंग केलेलं असतं, कुणी मानसशास्त्रात एमए, कुणी बीएएमएस. दोन दिवसांची कार्यशाळा होते, प्रमाणपत्र मिळतं, पेन ड्राइव्हमध्ये पीपीटी मिळते, आणि पुढच्या सोमवारी हा माणूस आठवीच्या वर्गासमोर उभा. आकृत्या दाखवून होतात. मग मुलांनी नाव न घालता टाकलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचा डबा उघडतो.

आठवी-नववीच्या मुलांच्या डब्यात हमखास निघणारी एक चिठ्ठी सांगते. "मला रात्री पांढरं जातं. अंगात ताकद राहिली नाही. मी मरणार का?" कार्यशाळेतून आलेला शिक्षक म्हणतो, "हे नैसर्गिक आहे, घाबरायचं कारण नाही," आणि पुढची चिठ्ठी उघडतो. माहिती म्हणून उत्तर बरोबर आहे. पण त्या मुलाच्या भीतीला हातही लागलेला नाही. ही भीती आपल्या भागात किती जुनी आहे हे शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं. धात सिंड्रोम या नावाने मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली तिची नोंद केली. स्टँडाबाहेरच्या भिंतीवर "मर्दानी कमजोरी"ची जाहिरात आहे, घरी कुणीतरी वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कितीतरी थेंब असा हिशेब सांगितलाय आणि मुलाने कदाचित आधीच कुठली तरी पुडी विकत घेतली आहे, हे तो धरून चालतो. म्हणून तो सावकाश सांगतो : वीर्य कसं तयार होतं, झोपेत बाहेर का येतं, रक्ताशी त्याचा संबंध का नाही, आणि अशक्तपणा खरोखर वाटत असेल तर तो पोटात काही न घालता शाळेत येण्यामुळे असू शकतो, जागरणामुळे असू शकतो, काळजीमुळेही असू शकतो. किशोरवयीनांसाठीचं सरकारी मैत्री क्लिनिक कुठे आहे तेही सांगतो. आणि हे सगळं बोलताना चिठ्ठी दुमडून खिशात ठेवतो, म्हणजे शेजारच्याला अक्षर ओळखू येत नाही.

हे दोन दिवसांत येत नाही. कुणीतरी मागच्या बाकावर बसून तुमचा तास बघावा लागतो आणि नंतर तासभर तुमच्याशी बोलावं लागतं. पुन्हा पुन्हा.

युनेस्कोने २००९ साली लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१८ मध्ये ती सुधारली. त्यांत आठ मुख्य संकल्पना आहेत. शरीर आणि त्याची वाढ ही त्यांतली एक. बाकीच्यांत नातेसंबंध येतात, मूल्यं आणि हक्क येतात, लिंगभाव, हिंसा आणि सुरक्षितता येते. आपली प्रशिक्षणं त्या एकीतच अडकून बसलीत. युरोपात शिक्षकांच्या क्षमतांचा जो आराखडा २०१७ साली झाला, त्यात क्रमच असा आहे : आधी दृष्टिकोन, मग कौशल्यं, शेवटी ज्ञान. मला हा क्रम मनापासून पटतो.

तर मला हवा आहे एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम, मराठीतून, निम्मा वेळ प्रत्यक्ष वर्गात. तुम्ही डॉक्टर, वकील, शिक्षक, पालक कुणीही असाल, त्यात काय हवं आणि काय नको ते लिहा. नुसतं "छान धागा" नको, कृपया.

डॉ_पारिजात

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करते. पहिली सूचना माझ्याच व्यवसायाबद्दल. या अभ्यासक्रमाला डॉक्टरांना थेट प्रवेश द्या, पण कुठल्याही विषयात सूट देऊ नका. एमडी झालेला माणूस लैंगिकतेबद्दल बोलायला शिकलेला असतोच असं नाही. आम्ही रोग शिकतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून "कौमार्याची लक्षणं" हा भाग २०१९ साली वगळला गेला, सेवाग्रामच्या एका प्राध्यापकांनी पाठपुरावा केला म्हणून. म्हणजे त्याआधीच्या कितीतरी तुकड्या ते शास्त्र समजून पाठ करून बाहेर पडल्या. त्यांतल्याच कुणाला शाळेत "मार्गदर्शन" करायला बोलावलं तर तो काय सांगेल?

दुसरं. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यांपैकी ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि आधी कधीही तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हे आकडे विद्यार्थ्यांनी पाठ करू नयेत, त्यामागची पद्धत शिकावी. बाई अंगावर पांढरं जातंय हे सांगते कधी, कुणाला, कोणत्या शब्दांत, आणि गप्प कशामुळे राहते? माझ्या ओपीडीत आजही बाई आधी कंबरदुखी सांगते. दाराशी गेल्यावर मागे वळून खरं दुखणं सांगते. त्या दाराशी थांबलेल्या बाईला परत बसवायचं कसं, हे शिकवलं पाहिजे. पुढे बंगांच्या 'सर्च' या संस्थेने तरुणांसाठी तारुण्यभान हा उपक्रम उभा केला, तो गावाचं ऐकून झाल्यावर, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

गोदाकाठ

मी दोन मुलींचा बाप आहे आणि एका शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे. माझं मत थोडं वेगळं आहे, शांतपणे मांडतो.

मुलींना माहिती मिळू नये असं मला अजिबात वाटत नाही. मला भीती आहे ती येणाऱ्या माणसाची. आमच्या मुलींच्या शाळेत एका वर्षी बाहेरून वक्ते आले. त्यांनी सातवीच्या मुलींना मोबाइल आणि मुलगे यांवरून असं काही झापलं की माझी धाकटी आठवडाभर शाळेत जायला तयार नव्हती. त्यांची पात्रता काय, हे शाळेलाही सांगता आलं नाही. २००७ साली महाराष्ट्रात किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद पडला तेव्हा चित्रांवरून गदारोळ झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. त्या वेळीही पालकांना आधी विश्वासात घेतलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला वाटतं.

माझी मागणी दोन गोष्टींची. वर्गावर जाण्याआधी पालकसभा घेणं हा या शिक्षणाचा सक्तीचा भाग असावा, आणि त्या सभेतले प्रश्न हाताळण्याचीही परीक्षा असावी. दुसरं, तक्रार करायला जागा हवी. डॉक्टरने चूक केली तर वैद्यकीय परिषद आहे, वकिलाने केली तर बार कौन्सिल आहे. इथे कोण आहे?

रानजाई

गोदाकाठ, तुमची सूचना मी जशीच्या तशी घेते. पालकसभा हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड सत्र असतं आणि त्याचं प्रशिक्षण कुणीच देत नाही.

परिषदेबद्दल : मानसोपचाराच्या बाजूला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याच्या परिशिष्टात एचआयव्ही समुपदेशक आहेत, कुटुंबनियोजन समुपदेशक आहेत, अगदी मधुमेह शिक्षकही आहेत. लैंगिकता शिक्षक असा वेगळा व्यवसाय त्यात धरलेला नाही. म्हणजे तुमच्या लेकीच्या शाळेत आलेल्या त्या वक्त्यांना उद्या दुसऱ्या शाळेत जायला काहीही आडकाठी नाही. विद्यापीठाची पदविका आली तर निदान शाळांना विचारता येईल की बाबा, तुमचं शिक्षण काय?

फिलीकर

पुण्याचा, सध्या न्यू जर्सीत. माझी बायको फिलाडेल्फियाजवळच्या वाइडनर विद्यापीठात मानवी लैंगिकता या विषयात मास्टर्स करतेय, म्हणून तिकडची पद्धत थोडी सांगतो.

अमेरिकेत शिक्षक, समुपदेशक आणि थेरपिस्ट यांचं प्रमाणीकरण आसेक्ट ही १९६७ साली स्थापन झालेली संघटना करते. तिन्हींचे मार्ग वेगळे. शिक्षक झालात म्हणून थेरपी करता येत नाही. ही रेघ मला फार महत्त्वाची वाटते, कारण भारतात एकच माणूस सकाळी शाळेत भाषण देतो आणि संध्याकाळी जोडप्यांना सल्ला.

त्यांच्याकडे एक सक्तीचा भाग आहे, त्याला सार म्हणतात, म्हणजे लैंगिकतेबद्दलचा स्वतःचा दृष्टिकोन पुन्हा तपासणं. किमान १० तास. त्यात काही शिकवत नाहीत म्हटलं तरी चालेल. लैंगिकतेच्या निरनिराळ्या अंगांबद्दल चित्रफिती दाखवतात, माणसं येऊन स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतात : म्हातारपणातलं कामजीवन, अपंगत्व, समलिंगी नाती, वंध्यत्व. मग छोट्या गटात बसून प्रत्येकाने सांगायचं की बघताना आपल्या मनात काय आलं. किळस आली, राग आला, हेवा वाटला, रडू आलं, सगळं चालतं. कुणी कुणाला सुधारत नाही. बायको म्हणते, सत्तरीच्या एका बाईंचं बोलणं ऐकताना तिला स्वतःच्या आजीबद्दल पहिल्यांदाच काही कळलं. हे भारतात आणायचं तर साहित्य आपलं हवं. परदेशी चित्रफिती दाखवल्या की आपली माणसं "त्यांच्याकडे असतं असं" म्हणून सुटतात.

खर्चाचं : तिकडची फी रुपयांत मोजली तर बहुतेकांना झेपणार नाही, आणि परत येऊन त्या पदवीने इथे कुठला परवानाही मिळत नाही. शिकायला जरूर जा, पण हाच मार्ग धरून बसू नका.

दप्तर

जिल्हा परिषद शिक्षक. रानजाईताई, वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यासक्रम केलात तर आम्ही बाद. आम्हाला कोण सोडणार?

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे असतात, एक पुरुष आणि एक स्त्री. ११ विषय आहेत, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही त्यांत येतात. कल्पना उत्तम आहे. पण माझं प्रशिक्षण झालं ते सभागृहात, पंख्याच्या आवाजात, आणि प्रजनन आरोग्याचं प्रकरण आलं तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "हे तुम्ही घरी वाचून घ्या." समोर बसलेल्या सगळ्या गुरुजी-बाईंना हायसं वाटलं, ते मी बघितलं. वाचून माहिती आली. वर्गात तोंडातून शब्द फुटायला मात्र मला फार वेळ लागला.

माझी सूचना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची. नाशिकच्या या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं तालुक्यापर्यंत आहेत, पुस्तकं मराठीत काढायची त्यांना १९८९ पासूनची सवय आहे. वाचन घरी, दिवाळी आणि मे महिन्यात निवासी शिबिर, आणि तासिका आमच्याच शाळेत घेऊ. निरीक्षक आमच्याकडे यावा. बीएडला सराव पाठ असतात तसेच.

पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने पदव्युत्तर पातळीवर मराठी आणि इंग्रजी दोन्हींतून शिकवून दाखवलंय. तेव्हा "मराठीत संदर्भसाहित्य नाही" ही सबब कुणी सांगू नये. र. धों. कर्व्यांचं समाजस्वास्थ्य हे मासिक १९२७ ते १९५३ मराठीतच निघत होतं.

शाईचा_डाग

दप्तर सर, समाजस्वास्थ्याचा उल्लेख केलात म्हणून एक जोड. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक, विल्सन कॉलेजातली नोकरी त्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी सोडावी लागली. मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला कर्वे हरले, मासिक थांबलं नाही. अभ्यासक्रमात हा इतिहास एक पूर्ण घटक म्हणून हवा. आपल्या मुलांना वाटतं हा विषय बाहेरून आलाय.

वकिली_काम

माझा मुद्दा एकच, पण थोडा लांब आहे.

सत्र संपल्यावर सोळा वर्षांची मुलगी मागे थांबते आणि सांगते, माझं एका मुलावर प्रेम आहे, आमचे संबंध आले आहेत. मुलगा सतरा वर्षांचा. शिक्षक म्हणतो, "काळजी करू नकोस, हे आपल्या दोघांतच राहील." या एका वाक्याने तो स्वतः अडचणीत आला आणि मुलीलाही खोटं आश्वासन दिलं.

पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, २०१२ चा. त्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख पोलिसांना न सांगण्याची मुभा दिली, ती नोंदणीकृत डॉक्टरांना, तीही मुलीच्या आणि तिच्या पालकांच्या विनंतीवरून. शाळेतल्या शिक्षकाला तिचा आधार घेता येणार नाही.

म्हणून शिकवायचं ते हे : सत्राच्या सुरुवातीलाच, कुणी काही सांगण्याआधी, स्पष्ट बोलावं. "तुम्ही मला सांगितलेलं मी चव्हाट्यावर आणणार नाही. पण १८ वर्षांखालच्या कुणाचा लैंगिक संबंध आला किंवा कुणाशी जबरदस्ती झाली असं कळलं, तर मला ते ठराविक माणसांना सांगावं लागतं. सांगण्याआधी मी तुमच्याशी बोलेन." मुलांना हे समजतं. मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक फळ्यावर शेवटपर्यंत राहावा.

किशोरवयीन मुलांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना पॉक्सो लावणं योग्य का, यावर मला पुष्कळ बोलायचंय, पण तो स्वतंत्र धागा होईल. शिकाऊ शिक्षकाला आजचा कायदा पाठ हवा आणि त्यावरचा वादही माहीत हवा. लेखी परीक्षेपेक्षा यावर तोंडी परीक्षा घ्या. प्रसंग द्या, दोन मिनिटांत काय कराल ते विचारा.

निळी_पणती

वकिलीकाका, मुलीबद्दल लिहिलंत तसंच मुलग्याबद्दलही बोलायला हवं. मी समलिंगी आहे, लहान गावात शिकलो. दहावीत आमच्या शाळेत असंच एक सत्र झालं होतं. बोलणारा माणूस सगळं नीट सांगत होता, मग कुणीतरी समलिंगी मुलांबद्दल विचारलं, तर तो हसला. वाईट असं काहीच बोलला नाही. हसला फक्त. वर्गही हसला. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी कुणाशीही बोललो नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला बाहेर काढलं. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वैद्यकीय अभ्यासक्रम तपासायला सांगितले. हे शिकवाच. पण फिलीकर म्हणतात ते सार आधी करा. समलिंगी लोकांसाठी काम करणारी पुण्यात समपथिक आहे, मुंबईत हमसफर १९९४ पासून आहे. शिकाऊ मंडळींना अशा संस्थांत काही आठवडे काम करायला पाठवा. महिन्याभराने वर्गात तो प्रश्न आला तर त्यांच्या डोळ्यांसमोर ओळखीचा माणूस येईल.

रानजाई

निळी_पणती, लिहिलंस हे फार बरं केलंस. प्रश्न आल्यावर चेहऱ्यावर काय उमटतं याचाच सराव आम्ही हल्ली घेतो. दोघं समोरासमोर बसतात, एक चिठ्ठ्या वाचतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा फक्त चेहरा बघून नोंदी करतो. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळेच नजर खाली नेतात. तुझा प्रसंग (नाव-गाव नसताना) त्या सरावात वापरला तर चालेल का?

निळी_पणती

चालेल. नक्की वापरा.

खडू_फळा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची विशेष शिक्षिका आहे. आमच्या मुलांचा विचार कुठल्याच प्रशिक्षणात नसतो, म्हणून सविस्तर लिहिते.

सतरा वर्षांचा मुलगा, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकी. वर्गात हात चड्डीत घालतो. आई रडकुंडीला आलेली, घरचे मारतात. मारून तो थांबत नाही, घाबरून लपून करायला लागतो आणि मग कुणाच्याही तावडीत सापडू शकतो. आम्ही त्याला फोटो दाखवून शिकवतो. त्याच्याच घराचे फोटो : न्हाणीघर दार लावलेलं, वर्ग, अंगण, बस. कुठे एकटं असतो, कुठे माणसं असतात. रोज, तेच फोटो, त्याच क्रमाने, कितीतरी महिने. सोबत हेही की त्याच्या अंगाला कोण हात लावू शकतं, अंघोळ घालताना आईने आधी विचारायचं, आणि "नाही" म्हणायला हात असा समोर धरायचा. मुलींना पाळीआधीच पॅड लावायची सवय लावतो, पॅडवर लाल शाई टाकून, म्हणजे रक्त पाहून त्या घाबरत नाहीत.

अंध मुलांना आकृती काय उपयोगाची? हाताने चाचपता येतील अशी कापडी किंवा रबरी प्रतिरूपं लागतात. मूकबधिर मुलांना खुणांची भाषा येणारा शिक्षक लागतो, कारण दुभाषी म्हणून वडील उभे असताना मुलगी काय विचारणार?

या मुलांवर अत्याचाराचा धोका जास्त असतो आणि न्यायालयात त्यांचं सांगणं टिकवणं कठीण जातं. अवयवांची नावं सांगता येणं हे त्यांच्यासाठी संरक्षण आहे. हा विषय ऐच्छिक ठेवू नका.

डॉ_पारिजात

खडू_फळा, पॅडची युक्ती मी उद्याच एका आईला सांगणार आहे. धन्यवाद.

गोदाकाठ

सगळे प्रतिसाद वाचले. वकिलीकाकांचं सुरुवातीचं निवेदन आमच्या पालक-शिक्षक संघात वाचून दाखवतो. इतक्या स्पष्टपणे बोलणारा माणूस आला तर माझ्या मुलींनी त्याच्या तासाला बसायला माझी हरकत नाही.

रानजाई

मुक्त विद्यापीठाची कल्पना मला आवडली आहे, पण एक अट मी सोडणार नाही : निरीक्षणाशिवाय पदविका नाही. तासिका झाल्याचं मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र चालणार नाही, कुणीतरी बघितलीच पाहिजे. निरीक्षकांचा खर्च हाच सगळ्यात मोठा खर्च असणार, आणि अभ्यासक्रम पुढे गेले की पहिली कात्री तिथेच लागते.

दोन पानी आराखडा करतेय. वकिलीकाका, कायद्याच्या तोंडी परीक्षेसाठी दहा प्रसंग द्याल का? खडू_फळा, तुमचा घटक सक्तीचा धरलाय, तासांचा अंदाज द्या. दप्तर सर, सुट्ट्यांचं वेळापत्रक तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

खडू_फळा

किमान ३० तास, आणि त्यातले निम्मे मुलांबरोबर. त्याखाली उतरू नका. रविवारी सविस्तर पाठवते.

वकिली_काम

दहाऐवजी बारा देतो. त्यांतले दोन मुलग्यांवरच्या अत्याचाराचे असतील, त्याबद्दल कुणी विचारतच नाही.